ओपीसी यूए नोड जोडणी

ओपीसी यूए नोड जोडणी म्हणजे ओपीसी यूए या औद्योगिक संप्रेषण मानकानुसार एखाद्या क्लायंटने सर्व्हरशी किंवा गेटवेशी संपर्क प्रस्थापित करून त्यातील विशिष्ट नाव धारण करणाऱ्या नोडपर्यंत पोहोचण्याची पद्धत होय. येथे क्लायंट म्हणजे नियंत्रण कक्षातील पडदा, नोंदी साठवणारा संगणक, कारखान्याचे व्यवस्थापन सॉफ्टवेअर किंवा दुसरा नियंत्रक यांपैकी काहीही असू शकते. नोड म्हणजे सर्व्हरने बाहेरच्या जगाला उपलब्ध करून दिलेली एक ओळखण्याजोगी वस्तू. बॉयलरचे तापमान, पंप सुरू करण्याची आज्ञा किंवा संपूर्ण यंत्राचे प्रतिरूप हे सर्व नोडच्या रूपात मांडले जाते.

जुन्या औद्योगिक प्रोटोकॉलमध्ये क्लायंटला उपकरणाच्या स्मृतीतील क्रमांक माहीत असावा लागे. ओपीसी यूएमध्ये त्याला नाव माहीत असावे लागते. हा फरक वरवर लहान वाटला तरी जोडणीची विश्वासार्हता, तिची सुरक्षा आणि तिच्यात उद्भवणारे बहुतेक दोष यांचे मूळ त्यातच आहे.

पार्श्वभूमी

ओपीसीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी या लघुरूपाचा विस्तार 'ओएलई फॉर प्रोसेस कंट्रोल' असा होता, कारण हे तंत्र मायक्रोसॉफ्टच्या ओएलई, कॉम आणि डीकॉम या तंत्रांवर उभे होते. त्यापूर्वी प्रत्येक नियंत्रकासाठी प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीला स्वतंत्र ड्रायव्हर लिहावा लागत असे. ओपीसीमुळे हा खटाटोप कमी झाला, परंतु संपूर्ण व्यवस्था विंडोजशी बांधली गेली. दोन संगणकांमधील डीकॉम जोडणी फायरवॉलमधून नेणे हे विशेष त्रासाचे काम होते, कारण प्रारंभीच्या संपर्कानंतर डीकॉम बदलते पोर्ट वापरत असे. अनेक ठिकाणी हा त्रास टाळण्यासाठी सुरक्षेचे निर्बंधच सैल केले जात.

या मर्यादांवर उपाय म्हणून ओपीसी फाउंडेशनने कोणत्याही एका संचालन प्रणालीवर अवलंबून नसलेले नवे मानक तयार केले. 'यूए' म्हणजे 'युनिफाइड आर्किटेक्चर', अर्थात एकीकृत रचना. त्याचे पहिले भाग २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढे हे मानक आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने आयईसी ६२५४१ या क्रमांकाने स्वीकारले. ओपीसी या लघुरूपाचा विस्तारही नंतर बदलून 'ओपन प्लॅटफॉर्म कम्युनिकेशन्स' असा करण्यात आला.

नोड आणि त्याची ओळख

सर्व्हरमधील सर्व नोड मिळून जो समूह बनतो त्याला अॅड्रेस स्पेस म्हणतात. नोडचे आठ वर्ग आहेत: ऑब्जेक्ट, व्हेरिएबल, मेथड, ऑब्जेक्ट टाइप, व्हेरिएबल टाइप, रेफरन्स टाइप, डेटा टाइप आणि व्ह्यू. क्लायंटचे दैनंदिन काम मुख्यतः व्हेरिएबल या वर्गाशी असते, कारण मोजमापांची मूल्ये तेथेच असतात. नोड एकमेकांशी संदर्भांनी जोडलेले असतात. त्यामुळे अॅड्रेस स्पेस फोल्डरांच्या झाडासारखी दिसते, पण प्रत्यक्षात ती जाळ्यासारखी असते आणि एकाच नोडकडे अनेक वाटांनी पोहोचता येते.

प्रत्येक नोडची अधिकृत ओळख म्हणजे नोडआयडी. त्यात नेमस्पेसचा अनुक्रमांक आणि ओळखचिन्ह अशी माहिती असते. ओळखचिन्ह चार प्रकारचे असू शकते: ३२ बिटांची संख्या, अक्षरमाला, जागतिक एकमेव ओळख अर्थात जीयूआयडी, किंवा केवळ सर्व्हरलाच अर्थ माहीत असलेली बाइटमाला. लेखी स्वरूपात नोडआयडी 'एनएस=२;एस=बॉयलर१.तापमान' अशा पद्धतीने लिहिला जातो (प्रत्यक्षात 'एनएस' आणि 'एस' ही अक्षरे रोमन लिपीत लिहितात). 'एस'च्या जागी 'आय' असल्यास पुढे संख्या येते, 'जी' असल्यास जीयूआयडी आणि 'बी' असल्यास बाइटमाला.

अक्षरमालेच्या ओळखचिन्हात लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत भेद केला जातो. तसेच त्यातील टिंब, तिरपी रेघ किंवा अवतरणचिन्ह यांना मानकाच्या दृष्टीने कोणताही विशेष अर्थ नाही. अनेक गेटवे सॉफ्टवेअर वाहिनी, उपकरण आणि टॅग यांची नावे टिंबांनी जोडून ओळखचिन्ह बनवतात. सीमेन्सच्या एस७-१५०० या नियंत्रकांत डेटा ब्लॉकचे आणि चलाचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत येते, आणि ती चिन्हे ओळखचिन्हाचाच भाग असतात. ती गाळल्यास सर्व्हरला नोड सापडत नाही. हे प्रत्येक उत्पादकाचे संकेत असून क्लायंटने त्यांची फोड करून अर्थ लावणे योग्य नाही.

नेमस्पेस

एकाच सर्व्हरमध्ये अनेक स्रोतांकडून आलेले नोड असू शकतात: काही मानकाने ठरवलेले, काही उत्पादकाचे, काही यंत्रनिर्मात्याचे. दोन स्रोतांनी एकच ओळखचिन्ह वापरल्यास गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक स्रोताला स्वतंत्र नेमस्पेस दिला जातो. नेमस्पेसची खरी ओळख म्हणजे एक यूआरआय, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यासारखी दिसणारी अक्षरमाला. परंतु प्रत्येक संदेशात इतकी लांब माला पाठवणे परवडणारे नसल्यामुळे सर्व्हर या यूआरआयची यादी ठेवतो आणि संदेशात केवळ यादीतील अनुक्रमांक वापरला जातो. अनुक्रमांक ० मानकाच्या स्वतःच्या नोडसाठी राखीव आहे आणि अनुक्रमांक १ त्या विशिष्ट सर्व्हरसाठी. २ पासून पुढचे अनुक्रमांक प्रत्येक सर्व्हरमध्ये वेगळे असू शकतात.

येथेच एक महत्त्वाची मेख आहे. एखाद्या गेटवेमध्ये नवीन घटक बसवला, जुना काढला किंवा घटक सुरू होण्याचा क्रम बदलला, तर यादीतील क्रम बदलू शकतो. कालपर्यंत २ हा क्रमांक बॉयलरच्या नेमस्पेसचा होता, आज तो पाणीशुद्धीकरणाच्या नेमस्पेसचा असू शकतो. क्लायंटने २ हा आकडा आपल्या संरचनेत कायमचा लिहून ठेवला असेल, तर दोन गोष्टी संभवतात. पहिली, सर्व्हर 'बॅडनोडआयडीअननोन' हा दोषसंकेत परत पाठवतो आणि चूक ताबडतोब लक्षात येते. दुसरी अधिक धोकादायक आहे: नव्या नेमस्पेसमध्येही त्याच ओळखचिन्हाचा नोड असतो आणि क्लायंट कोणत्याही तक्रारीविना भलतेच मूल्य वाचत राहतो. संख्यात्मक ओळखचिन्हे वापरली असल्यास अशी टक्कर होण्याची शक्यता वाढते, कारण १००१ सारखे आकडे सर्वांनाच सोयीचे वाटतात.

म्हणून क्लायंटने यूआरआय साठवावा, आणि नवे सत्र सुरू करताना सर्व्हरकडील नेमस्पेस यादी वाचून त्या वेळचा अनुक्रमांक शोधावा अशी योग्य पद्धत आहे. ही यादी स्वतःच एक नोड असून त्याचा क्रमांक नेमस्पेस ० मध्ये २२५५ असा निश्चित आहे. सर्व्हरनेही सत्रे चालू असताना यादीतील जुन्या नोंदी बदलू नयेत असे बंधन आहे. असे असूनही बाजारातील अनेक क्लायंट साधनांमध्ये संरचनेच्या रकान्यात केवळ अनुक्रमांकच लिहिण्याची सोय आढळते.

ओळख, नाव आणि दर्शनी नाव

नवख्या वाचकाचा गोंधळ उडवणारी बाब म्हणजे एकाच नोडला असलेली तीन 'नावे'. नोडआयडी ही ओळख होय आणि वाचन किंवा लेखन तिच्याच आधारे होते. ब्राउझनेम हे अॅड्रेस स्पेसमध्ये वाट शोधताना वापरायचे नाव असून ते संपूर्ण सर्व्हरमध्ये एकमेव असण्याची गरज नाही: पाच पंपांच्या पाच नोडखाली 'दाब' हेच ब्राउझनेम असू शकते. डिस्प्लेनेम हे मनुष्याला दाखवायचे नाव असून ते भाषेनुसार बदलते. सत्र सुरू करताना क्लायंट आपल्या पसंतीच्या भाषा कळवतो आणि सर्व्हरकडे त्या भाषेतील मजकूर असल्यास तो पाठवतो. मराठीसाठी 'एमआर-आयएन' हा भाषासंकेत वापरता येतो. सर्व अक्षरमाला यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरी डिस्प्लेनेमला तांत्रिक अडचण नाही. मानकानुसार नोडआयडीसुद्धा देवनागरीत असू शकतो, परंतु जुनी साधने तो नीट हाताळतीलच असे नाही.

क्लायंटला नोडआयडी माहीत नसेल पण वाट माहीत असेल, तर तो 'ट्रान्सलेट ब्राउझ पाथ्स टू नोडआयडीज' ही सेवा वापरतो. यंत्र, त्याखाली मोटर, तिच्याखाली वेग अशी ब्राउझनेमची साखळी दिली की सर्व्हर संबंधित नोडआयडी परत करतो. एकाच प्रकारची अनेक यंत्रे असलेल्या कारखान्यात ही पद्धत फार उपयुक्त ठरते, कारण यंत्राच्या प्रकाराची रचना एकदा समजली की प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र यादी बनवावी लागत नाही. याखेरीज 'रजिस्टरनोड्स' नावाची सेवा आहे. लांबलचक नोडआयडी वारंवार पाठवण्याऐवजी सर्व्हर त्याचे एक लघुरूप देतो. ते त्या सत्रापुरतेच वैध असल्याने साठवून ठेवणे चुकीचे ठरते.

जोडणीचे टप्पे

नोडपर्यंत पोहोचण्यापूर्वी क्लायंटला काही दारे ओलांडावी लागतात. सर्व्हरचा पत्ता 'ओपीसी.टीसीपी' या उपसर्गाने सुरू होतो आणि त्यासाठी नोंदवलेला पोर्ट ४८४० आहे. प्रत्यक्षात अनेक उत्पादने वेगळे पोर्ट वापरतात.

क्लायंट प्रथम सर्व्हरकडे एंडपॉइंटची यादी मागतो. ही विचारणा सत्राविना करता येते. यादीतील प्रत्येक एंडपॉइंटमध्ये पत्ता, सुरक्षेचा प्रकार, सुरक्षा धोरण, सर्व्हरचे प्रमाणपत्र आणि वापरकर्त्याची ओळख पटवण्याचे स्वीकार्य मार्ग दिलेले असतात. नव्या जोडणीतील एक नेहमीचा दोष याच टप्प्यावर उद्भवतो. क्लायंटने आयपी पत्ता वापरून विचारणा केली, तरी सर्व्हर यादीत स्वतःचे यजमाननाव देतो. ते नाव क्लायंटच्या जाळ्यात कोणालाच ठाऊक नसते. परिणामी यादी मिळते, पण पुढची जोडणी होत नाही. गेटवेला दोन जाळी जोडलेली असताना हे विशेषतः घडते: एक कारखान्याचे, दुसरे कार्यालयाचे. उपाय म्हणून त्या नावाची नोंद डीएनएसमध्ये केली जाते, किंवा क्लायंट यादीतील नावाऐवजी मूळ पत्ताच वापरतो.

एंडपॉइंट निवडल्यावर सुरक्षित वाहिनी उघडली जाते. या वेळी दोन्ही बाजू एकमेकांची एक्स.५०९ प्रमाणपत्रे तपासतात. वाहिनी उघडताना असममित कूटलेखन वापरले जाते आणि त्यानंतरचे संदेश तुलनेने जलद अशा सममित किल्ल्यांनी सुरक्षित केले जातात. या किल्ल्यांना मुदत असते. मुदतीचा सुमारे ७५ टक्के काळ उलटल्यावर क्लायंटने नव्या किल्ल्या मागाव्यात असा संकेत आहे.

वाहिनीवर सत्र निर्माण केले जाते आणि नंतर ते सक्रिय केले जाते. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सक्रिय करताना वापरकर्त्याची ओळख दिली जाते: निनावी, नाव आणि संकेतशब्द, वापरकर्त्याचे प्रमाणपत्र किंवा अन्य यंत्रणेने दिलेले टोकन. वाहिनी आणि सत्र यांची ही फारकत विचारपूर्वक केलेली आहे. केबल क्षणभर निघाली तर वाहिनी तुटते, परंतु सत्र आपल्या कालमर्यादेपर्यंत सर्व्हरमध्ये जिवंत राहते. क्लायंट नवी वाहिनी उघडून तेच सत्र पुन्हा सक्रिय करू शकतो.

जोडणी झाल्याची खात्री करण्यासाठी नेमस्पेस ० मधील २२५८ हा नोड वाचण्याची सर्वत्र रूढ पद्धत आहे. त्यात सर्व्हरची चालू वेळ असते. तो वाचता आला, पण हवा असलेला नोड वाचता आला नाही, तर दोष जोडणीत नसून नावात किंवा परवानगीत आहे असे समजावे.

वाचन, लेखन आणि सबस्क्रिप्शन

क्लायंट एकेका नोडचे मूल्य विचारू शकतो, परंतु शेकडो नोड दर सेकंदाला विचारत राहणे जाळ्यावर भार टाकणारे ठरते. म्हणून सबस्क्रिप्शनची सोय आहे. क्लायंट हव्या त्या नोडची यादी देतो, सर्व्हर ठरलेल्या अंतराने ते तपासतो आणि मूल्य बदलले तरच कळवतो. येथे दोन कालावधी वेगळे असतात. नमुना घेण्याचा कालावधी म्हणजे सर्व्हर मूल्य किती वेळाने पाहतो तो, आणि प्रकाशनाचा कालावधी म्हणजे साठलेले बदल किती वेळाने पाठवतो तो. नमुना १०० मिलिसेकंदांनी आणि प्रकाशन १ सेकंदाने असेल, तर दरम्यानची मूल्ये रांगेत साठवावी लागतात. रांगेची लांबी १ ठेवल्यास सहसा शेवटचेच मूल्य पोहोचते आणि मधली चढउतार कायमची हरवते.

काहीच बदलले नाही तरी सर्व्हर अधूनमधून 'जिवंत आहे' असा संदेश पाठवतो. प्रत्येक सूचनेला अनुक्रमांक असल्यामुळे मधली एखादी हरवल्यास क्लायंट ती पुन्हा मागू शकतो, अर्थात सर्व्हरने ती अद्याप जपून ठेवली असेल तर.

गेटवेची भूमिका

गेटवे हे एका बाजूला ओपीसी यूए सर्व्हर आणि दुसऱ्या बाजूला जुन्या प्रोटोकॉलचा क्लायंट असे दुहेरी काम करते. दुसऱ्या बाजूला बहुधा मॉडबस असतो. १९७९ मध्ये मॉडिकॉनने आणलेल्या या प्रोटोकॉलमध्ये नावे नाहीतच, फक्त १६ बिटांच्या रजिस्टरांचे क्रमांक आहेत. कोणता क्रमांक म्हणजे कोणता नोड हे गेटवेच्या संरचनेत मनुष्याने लिहिलेले असते. त्यामुळे नोडचे नाव किती खरे आहे, हे त्या नोंदीवर अवलंबून राहते. ओपीसी यूएची सर्व सुरक्षा अचूक असली तरी 'बॉयलर१.तापमान' या नावामागे चुकीचे रजिस्टर असू शकते.

अशा नोंदींतील चुका ठरावीक असतात. उपकरणाच्या पुस्तिकेत ४०००१ असा लिहिलेला क्रमांक संदेशात ० म्हणून जातो, आणि हा एकाचा फरक विसरल्यास शेजारच्या रजिस्टरातील मूल्य मिळते. दशांश संख्या साठवायला दोन रजिस्टरे लागतात, पण त्यांचा क्रम मॉडबसच्या मानकाने ठरवलेला नाही. क्रम उलटला तर २५.० या संख्येच्या जागी शून्यापासून जेमतेम वेगळी अशी अत्यल्प संख्या दिसते. अनेक उपकरणे ७२.५ अंश तापमान ७२५ या पूर्णांकाने पाठवतात आणि दहाने भागण्याचे काम गेटवेवर सोपवतात.

याहून गंभीर प्रश्न गेटवेच्या मध्यस्थीचाच आहे. क्लायंट गेटवेशी जोडलेला असणे म्हणजे तो यंत्राशी जोडलेला असणे नव्हे. यंत्राकडची तार तुटली तरी क्लायंटचे सत्र अबाधित राहते आणि पडद्यावर कोणताही संपर्कदोष दिसत नाही. यासाठीच ओपीसी यूएमध्ये मूल्य एकटे येत नाही. त्याच्यासोबत स्थितिसंकेत असतो आणि स्रोताची व सर्व्हरची वेळ दिलेली असू शकते. स्थितिसंकेत ३२ बिटांचा असून त्याचे सर्वोच्च दोन बिट मूल्य चांगले, अनिश्चित की वाईट हे सांगतात. तार तुटल्यावर नीट बांधलेले गेटवे शेवटचे मूल्य 'अनिश्चित' म्हणून किंवा संपर्काअभावी 'वाईट' म्हणून पाठवते. केवळ आकडा वाचून स्थितिसंकेत टाकून देणारा क्लायंट मात्र ७२.५ हाच आकडा तासन्‌तास दाखवत राहतो आणि चालकाला बॉयलर स्थिर असल्याचा भास होतो. सर्व्हरची वेळ पुढे सरकत असली तरी स्रोताची वेळ थांबलेली असणे हे अशा गोठलेल्या मूल्याचे लक्षण मानता येते, पण गेटवे स्वतःच स्रोताची वेळ भरत असल्यास हा पुरावाही कुचकामी ठरतो.

सुरक्षा

सुरक्षेचे तीन प्रकार आहेत: काहीही नाही, फक्त स्वाक्षरी, आणि स्वाक्षरीसह कूटलेखन. जुनी 'बेसिक१२८आरएसए१५' आणि 'बेसिक२५६' ही धोरणे कालबाह्य ठरवण्यात आली असून 'बेसिक२५६एसएचए२५६' आणि त्यानंतरची धोरणे वापरणे अपेक्षित आहे.

प्रथमच जोडणी करताना सर्व्हर अनोळखी क्लायंटचे प्रमाणपत्र नाकारतो आणि बहुतेक उत्पादनांत ते नाकारलेल्या प्रमाणपत्रांत जमा होते. प्रशासकाने ते विश्वासार्ह यादीत हलवल्यावरच पुढचे दार उघडते. ही पायरी कंटाळवाणी असल्याने अनेकदा 'सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा' हा पर्याय निवडला जातो आणि चाचणी संपल्यावरही तसाच राहतो. प्रमाणपत्राला मुदत असते, त्यामुळे घड्याळ चुकलेले उपकरणही जोडणीस मुकते. बॅटरी संपलेल्या छोट्या गेटवेचे घड्याळ वीज गेल्यावर १९७० सालात परतले, तर त्याच्या दृष्टीने सर्व प्रमाणपत्रे भविष्यातील ठरतात.

२०२० मध्ये जर्मनीतील संशोधकांनी इंटरनेटवरून थेट पोहोचता येणाऱ्या ओपीसी यूए सर्व्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार ९२ टक्के सर्व्हरांची सुरक्षा संरचना सदोष होती. अनेक ठिकाणी प्रवेशनियंत्रणाचा अभाव होता आणि २४ टक्के ठिकाणी सुरक्षा बंदच ठेवलेली होती. शेकडो उपकरणे एकच प्रमाणपत्र वापरत असल्याचेही आढळले.

कारखान्याच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारा पोर्ट उघडणे टाळण्यासाठी मानकाच्या १.०४ या आवृत्तीत उलट जोडणीची सोय करण्यात आली. तीत सर्व्हर आतून बाहेर संपर्क साधतो आणि त्यानंतर क्लायंट त्याच दुव्यावर नेहमीप्रमाणे वाहिनी उघडतो. वापरकर्त्याचे अधिकार नोडनिहायही ठरवता येतात. वाचण्याची मुभा असलेल्या पण लिहिण्याची नसलेल्या नोडवर लेखनाचा प्रयत्न केल्यास 'बॅडयूजरअॅक्सेसडिनाइड' हा संकेत मिळतो.

संबंधित पद्धती

१९९९ मध्ये निर्माण झालेल्या एमक्यूटीटीमध्ये क्लायंट नोडशी थेट जोडला जात नाही. दोघेही ब्रोकरशी जोडले जातात आणि 'टॉपिक' नावाच्या अक्षरमालेवरून संदेशांची देवाणघेवाण होते. मूळ एमक्यूटीटीत टॉपिकच्या नावाला किंवा मजकुराला ठरावीक रचना नाही. ती उणीव भरून काढणाऱ्या स्पार्कप्लग या विनिर्देशात गट, एज नोड आणि उपकरण अशी नावांची उतरंड ठरवलेली असून एज नोड जोडला जाताच आपल्या सर्व चलांची नावे 'जन्म' संदेशातून जाहीर करतो. तेथेही लांब नावांऐवजी छोटे क्रमांक वापरण्याची मुभा आहे, मात्र नवा जन्म संदेश आल्यावर जुने क्रमांक रद्द समजले जातात. ओपीसी यूएच्या चौदाव्या भागात प्रकाशन-सबस्क्रिप्शन पद्धतीचा समावेश करण्यात आला आहे. तीनुसार सत्र न उघडता, एमक्यूटीटी ब्रोकरमार्फत किंवा यूडीपीवरून, नोडची मूल्ये एकाच वेळी अनेक ग्राहकांना पाठवता येतात.